शिकाऊ मंडळींनी बाहेर जावे

सार्थक शेवटी आत आला. हातात पत्र होतं, सोबत बायको होती, आणि दोघांच्या चपला मीच ओळीत लावल्या.

हे एवढ्यात सांगायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून. झालंच नाही असं धरू या. सार्थकचं लग्न झालेलं नाही, कुठलंही पत्र आलेलं नाही. रविवारची सकाळ आहे, सहा वाजून दहा मिनिटं. वडप्याच्या वजनकाट्यामागं, किशनकाकांच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही बावीस माणसं डोळे मिटून उभी आहोत. सगळं शांत. हायवेवर एका ट्रेलरचा लांबलचक हॉर्न… आणि मग दारातून आवाज येतो,

“जार कुठं ठेवू?”

प्रार्थनेत डोळे उघडायचे नसतात. मी एकच उघडला.

खांद्यावर वीस लिटरचा जार, त्या बाजूची बाही भिजलेली, चेहऱ्यावर पत्ता चुकलेल्या माणसाचा आत्मविश्वास. मी बोटानं कोपरा दाखवला. त्यानं जार ठेवला. जार ‘बुडूक’ असं बोलला. आता हा जाईल असं मला वाटलं, पण असं मध्येच निघणं बरं दिसत नाही असं त्याला वाटलं असावं. त्यानं हात जोडले, डोळे मिटले आणि चाळीस मिनिटं उभा राहिला. जार वजनकाट्याच्या ऑफिसचा होता. तिथली माणसं त्या दिवशी दुपारपर्यंत तहानलेली राहिली.

“हे काय होतं?” चपला घालताना त्यानं विचारलं.

“उपासना.”

“छान होती. चहा न्हाय मिळत शेवटी?”

“न्हाय.”

“तरी छान होती,” तो म्हणाला. आणि माझ्याकडं बघत दुसऱ्याच कोणाचीतरी चप्पल घालून गेला.

आमच्याविषयी थोडं सांगते, नाहीतर पुढचं वेड्यासारखं वाटेल. सांगितल्यावरही वाटेल, पण निदान कारण कळेल. सात वर्षांपूर्वी किशनकाका, माझे बाबा बुधा आणि आमच्या पाड्यावरची आणखी पाच घरं प्रभूकडं वळली. तेव्हा एक शिक्षक आले होते. जाताना काकांना झेरॉक्सची जाडजूड वही देऊन गेले. अगदी पहिले ख्रिस्ती लोक कसे राहायचे, कसे जेवायचे, कशी उपासना करायचे, ते सगळं त्यात होतं. काकांनी वीस वर्षं गोडाऊनच्या गेटवर सिक्युरिटी केलेली. त्यांनी ती वही गेटचे नियम वाचावेत तशी वाचली. म्हणजे सगळे नियम, सगळ्यांना, आजपासून.

पहिल्या लोकांचं सगळं सामायिक होतं, म्हणून आमच्या सात घरांत एकच मिक्सर होता. तो सगळ्यांचा असल्यामुळं कधीच कोणाकडं सापडायचा नाही. पाहुणा तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर तो खोटा संदेष्टा, असंही वहीत होतं. काकांचा मेहुणा चौथ्या दिवशी नाश्त्याला बसला तेव्हा काकांनी उभं राहून तसं जाहीर केलं. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, मी प्लंबर हाय.” पण निर्णय झाला होता.

आणि सगळे एकमेकांचे बंधू-भगिनी. सूट नाही. रविवारी दोन तास माझी आई भगिनी बायडी असायची आणि बाबा बंधू बुधा. त्या दोन तासांत त्यांचं भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही.

पण काकांचा सगळ्यात आवडता नियम दाराचा. प्रवचन झालं की प्रभूच्या आठवणीत भाकरी मोडायची. ती भाकरी ज्यांचा बाप्तिस्मा झालाय त्यांनाच. जे अजून शिकतायत त्यांनी आधी बाहेर जायचं, आणि दार लावून घ्यायचं. दारावर मी होते. गोडाऊनला मी आल्यागेल्या पार्सलांचे बारकोड स्कॅन करते, त्यामुळं मला अनुभव आहे असं काका म्हणाले. अडचण एवढीच, की सात वर्षांत एकही शिकाऊ आला नव्हता. नियम कोरा करकरीत पडून होता.

पुढच्या रविवारी सार्थक आला. जार नव्हता. “मला शिकायचंय,” तो म्हणाला. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रवचन संपलं. काकांनी मला खूण केली. मी उभी राहिले आणि सात वर्षं पाठ करून ठेवलेलं वाक्य खणखणीत म्हटलं, “शिकाऊ मंडळींनी बाहेर जावे!”

मंडळी उठली. एकटीच होती. जाताना तिचा पाय जाजमात अडकला.

शिकाऊला एकटं सोडायचं नाही, शिकवणाऱ्यानं सोबत बसायचं, हाही नियमच. शिकवायचं कामही काकांनी माझ्याकडंच दिलं होतं, म्हणून मीही बाहेर. भिंतीला टेकून गोडाऊनचा माल रचायचं एक लाकडी पॅलेट पडलं होतं. त्यावर इंचभर धूळ. सार्थकनं खिशातून पांढरा रुमाल काढला, पॅलेट पुसलं, रुमालाची नीट घडी केली आणि धुळीसकट परत खिशात ठेवला.

“मंडळी कुठं हायेत?” त्यानं विचारलं.

“तूच.”

“एकटा?”

“नियम मंडळींचा हाय. एकालाही लागतो.”

“आत काय चाललंय?”

“भाकरी मोडतायत.”

“मग मला का काढलं? भाकरी मी लहानपणापासून खातो.”

मला हसायचं नव्हतं. शिकवणाऱ्यानं हसू नये. मी खूप वेळ वजनकाट्याकडं बघत राहिले.

तेवढ्यात आई आली. जे भाकरीला हजर नसतात त्यांचा वाटा त्यांच्यापर्यंत न्यायचा असतो. स्टीलच्या झाकणात तांदळाच्या भाकरीचा बोटभर तुकडा, मनुकांच्या पाण्यात भिजवलेला. आईनं झाकण मला दिलं, सार्थककडं पायापासून केसांपर्यंत बघितलं, आणि गेली. मी त्याच्याकडं पाठ केली.

“पाठ का केलीस?”

“तुला दाखवून कसं खाऊ?”

मग पॅलेट करकरलं. “थांब. मीही करतो,” तो म्हणाला आणि उलटा वळून बसला. पाठीला पाठ, मध्ये फार तर एका बोटाची जागा. त्या जागेतून त्याच्या शर्टाची ऊब येत होती, आणि साबणाचा वास, आणि थोडा बैलांचा. मी भाकरी खाल्ली. एवढासा तुकडा चावायला कधी इतका वेळ लागला नव्हता.

आमचं प्रेम असं वीस मिनिटांचं होतं. आठवड्याला.

एरवी तो मला कुठं भेटणार? मी पाड्यावरची, तो गावातला. त्याच्या बापाच्या जमिनीवर चार गोडाऊन उभी होती, त्यांतल्या तिसऱ्यात मी शिफ्ट करायचे. जारचा प्लँट त्यांचा, टँकर त्यांचा, आणि दारात शर्यतीचे दोन बैल. तालुक्यात नाव होतं. गाडा सार्थक हाकायचा. हेच पुढं आडवं आलं.

झालं असं, की शिकाऊचा धंदा काय ते तपासायचं असतं. काकांनी वही उघडली आणि यादी वाचायला घेतली. तलवारीनं झुंजणारा? सार्थक न्हाय म्हणाला. मूर्ती घडवणारा? न्हाय. रथांच्या शर्यती लावणारा?

सार्थकनं मान खाजवली.

“रथ हाय का तुमच्याकडं?” काकांनी विचारलं.

“रथ न्हाय काका. बैल हायेत. बैलगाडा.”

काकांनी एक आठवडा विचार केला. पुढच्या रविवारी म्हणाले, “चाकं हायेत ना? मग रथच.”

सार्थकनं शर्यत सोडली. एका वाक्यात लिहिलं म्हणून सोपं वाटतं. बादशा नावाचा बैल त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. आता चुलतभाऊ गाडा हाकायला लागला, आणि बादशा मैदानात जाऊन नुसता उभा राहायचा. तीन मैदानं हरला. मुलगा ख्रिस्ती होतोय यावर बाप काही बोलला नव्हता, वय आहे, जाईल उतरून असं समजला होता. पण बादशा हरल्यावर त्यानं सार्थकशी समोरासमोर बोलणंच टाकलं.

“वाईट वाटतं?” पॅलेटवर मी त्याला विचारलं.

“बापाचं न्हाय वाटत. तो फोनवर बोलतो माझ्याशी, घरातल्या घरात.” मग नखानं लाकूड खरवडत म्हणाला, “बैल मात्र बघत न्हाय माझ्याकडं. मान फिरवतो.”

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पोरीकडं बघायला येणारा माणूस गुलाब आणतो, रिचार्ज मारतो. बैल सोडत नाही. पण मला वाटलं, माझ्यासाठी सोडला… आणि त्या कल्पनेत मी फार सुखात होते.

शिकाऊपणा खरं तर तीन वर्षांचा. काकांनी तो अकरा महिन्यांवर आणला, कारण त्यांच्या माहितीतले सगळे करार अकरा महिन्यांचेच असतात. त्यानंतर साक्ष. शिकवणाऱ्यानं सगळ्यांसमोर सांगायचं की हा माणूस कसा राहिला आणि कोणासाठी आला. साक्ष एकदाच होते. पास झाला तर त्याच सकाळी बाप्तिस्मा. नापास झाला तर पूर्ण तीन वर्षं, वहीतली. आणि साक्षीदार मी.

बाबांनी घरी स्पष्ट सांगितलं होतं. “आत आला तर मी स्वतः जाऊन त्याच्या बापाशी बोलंन. बाहेर हाय तवर तो जारवाला.”

म्हणजे सगळं त्या एका सकाळवर होतं. हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि आम्ही त्यावर एक अक्षर बोलत नव्हतो. बोलायचो ते असं:

“बाप्तिस्मा झाला की तू मला काय म्हणणार?”

“बंधू.”

“मला?”

“सगळ्यांनाच.”

“मग मी शिकाऊच बरा हाय.”

“अकरा महिने झाले की काढतात. मुदत हाय.”

“सुवर्णा… बंधूचं लग्न कोणाशी होतं गं?”

“भगिनीशीच. माझ्या आईबापाचं बघ.”

तो हसला, कानापर्यंत लाल झाला, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी वाट बघितली. श्वास धरून बघितली. त्यानं तोंड मिटलं आणि म्हणाला, “आज धूळ लय हाय.”

असं पाच-सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी तोंड उघडायचं, प्रत्येक वेळी धूळच बाहेर पडायची. अकरा महिन्यांत त्या माणसानं मला ‘तू मला आवडतेस’ एवढे तीन शब्द म्हटले नाहीत. मी मोजत होते.

साक्षीचा दिवस पुनरुत्थानाच्या सणाचा, म्हणजे ईस्टरचा होता. बाप्तिस्म्याला वाहतं पाणी लागतं. आमचा ओढा होळीलाच आटलेला, आणि नदीला कापडाच्या लूमवाल्यांच्या रंगाचं पाणी. त्या आठवड्यात जांभळं होतं. जांभळा माणूस पवित्र दिसत नाही असं काकांचं मत पडलं. सार्थकनं तोडगा काढला. प्लँटचा टँकर आणून दारात उभा केला, त्याला पाइप लावला. “पाइपातनं पडताना वाहतंच ना काका?” काकांनी वही चाळली. टँकरला मनाई सापडली नाही.

सगळे नवे कपडे घालून आले होते. सार्थक पांढऱ्या लेंग्यात मध्ये उभा. आक्का, आमच्यातली सगळ्यात म्हातारी विधवा, पुढं बसून त्याच्याकडं नातू असल्यासारखी बघत होती. काकांनी घड्याळ बघितलं. सहा पन्नास.

“यानं विधवांचा मान राखला का?”

“हो,” मी म्हटलं. आक्काच्या घरी जार तोच भरायचा, आणि मग तास तासभर तिच्या गुडघ्याची कथा ऐकायचा.

“आजाऱ्यांना भेटला का?”

“हो.”

“रथ सोडला का?”

“हो.”

“हा कोणासाठी आला?”

उत्तर ठरलेलं होतं. प्रभूसाठी. दोन अक्षरं आणि प्रत्यय. बाहेर पाइपातून पाणी ठिबकत होतं. सार्थक खाली बघत होता. त्याच्या पापण्यांवर ट्रेलरची धूळ होती, सकाळीसकाळी… आणि माझ्या मनात आलं, आता बाप्तिस्मा होईल, बाबा जातील, बोलणी होतील, आणि हे कोणी कधीच मोठ्यानं म्हणणार नाही.

“माझ्यासाठी,” मी म्हटलं.

आईला ठसका लागला. बाकी काही झालं नाही. काकांनी वही मिटली, अगदी हळू.

“भगिनी सुवर्णानं खरं सांगितलं,” ते म्हणाले, “तिचे आभार. शिकाऊनं बाहेर जावं.”

ते वाक्य माझं होतं. तेही त्या दिवशी त्यांनीच म्हटलं.

मी बाहेर धावले. सार्थक टँकरचा नळ बंद करत होता. लेंगा कोरडा होता.

“तुला असं वाटतं?” त्यानं विचारलं.

“खोटं हाय का?”

“पयल्यांदा खरं होतं. पयले दोन-तीन महिने.” तो नळाशीच बोलत होता. “दिवाळीच्या सेलला तू सहा रविवार ड्युटीवर होतीस. मी एकही चुकवला न्हाय. तवा कोणासाठी आलो? आक्काच्या गुडघ्यासाठी?”

हे ऐकूनही माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? “मग… माझ्यासाठी न्हाय आलास?”

त्यानं वर बघितलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

“दोन्ही होतं गं. एका माणसात दोन्ही मावत न्हाय का?”

“मग सांगायचंस ना! अकरा महिन्यांत एकदा तरी! मी किती वाट—”

“कसं सांगणार?” तो म्हणाला. “तू साक्षीदार. तुला खोटं बोलता येत न्हाय. सांगितलं असतं तर साक्षीत अडकली असतीस. म्हणून दात आवळून बसलो. बाप्तिस्मा झाला की त्याच पॅलेटवर सांगणार होतो. आज. साडेसातला.”

सात वाजायला पाच मिनिटं होती.

टँकर निघून गेला. चाकांची दोन ओळींची ओल उरली, ती लगेच वाळली.

पुढं काही फार घडलं नाही. तीन वर्षांचा शिकाऊपणा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आता सोबत मी नको असं ठरलं, त्याच्याबरोबर आक्का बाहेर बसायला लागली. तो आणखी दोन रविवार आला. दाराच्या फटीतून मला फक्त गुडघा ऐकू यायचा. तिसऱ्या रविवारी आक्का एकटीच बाहेर जाऊन बसली, थोड्या वेळानं आत आली आणि म्हणाली, “आज मंडळी न्हाय आली.”

मी काकांकडं गेले. जुन्या सवयीनं ते उपासनेलाही गेट रजिस्टर ठेवायचे, त्यातले दिवाळीचे सहा रविवार दाखवले. सार्थक, आत सहा दहा. सहाही वेळा. “काका, मी चुकीचं सांगितलं.”

काका वाईट नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, खूप वेळ पुसला. “पोरी, खोटं बोललीस का तू?”

“न्हाय. पण अर्धंच खरं होतं.”

“अर्ध्यासाठी वहीत काय न्हाय,” ते म्हणाले.

फोन मी केला नाही. करणार होते, रोज. पण काय म्हणणार? ये, तीन वर्षं बाहेर बस, मी आतून दार लावते?

दीड वर्ष गेलं. आणि आता ते आलंच, जे झालं नाही असं आपण धरलं होतं.

दुसऱ्या गावचा बाप्तिस्मा झालेला कोणी आला तर त्यानं आपल्या मंडळीचं, म्हणजे तिथल्या चर्चचं, पत्र आणायचं, दारावरच्या माणसानं वाचायचं, आणि त्याला आत घ्यायचं. मी वाचलं. कल्याणच्या मंडळीचं होतं. बंधू सार्थक, बाप्तिस्मा अमुक तारखेला, आचरण उत्तम, सोबत पत्नी भगिनी दिपाली, दोघांना प्रेमानं स्वीकारावं. खाली सही, शिक्का. खोट काढायला जागा नव्हती.

“शांती असो, भगिनी,” सार्थक म्हणाला.

“शांती असो, बंधू,” मी म्हटलं. नियमच आहे.

दिपालीनं माझे दोन्ही हात धरले. तिचे हात गार होते, चांगल्या माणसाचे असतात तसे. “तुम्हीच ना सुवर्णाताई? हे सारखं सांगतात. म्हणतात, भाकरीची भूक मला त्यांनी लावली.”

मी चपला लावल्या.

सार्थकनं पहिल्यांदा आमच्यात बसून भाकरी घेतली. डोळे मिटून, दोन्ही हातांची ओंजळ करून. तसं घेणारा माणूस कोणा पोरीसाठी येत नाही, हे दारावरून अगदी स्पष्ट दिसत होतं. माझा तुकडा आईनं आणून दिला. तो हातातच राहिला, मग मऊ झाला, मग मी खाल्ला.

घरी येऊन कागद घेतला.

प्रति,
मा. किशनकाका,
मंडळी, वजनकाट्यामागे, वडपे.

विषय : साक्ष नव्याने घेण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, पुनरुत्थानाच्या सणादिवशी अर्जदाराने दिलेली साक्ष अपुरी होती. अर्जदारास चौथा प्रश्न समजला होता, परंतु तो सार्थक यांच्याविषयी आहे हे त्या क्षणी लक्षात राहिले नाही. योग्य उत्तर आता तयार आहे. संबंधित उमेदवार सध्या विवाहित असून त्यांना तसदी देण्याची आवश्यकता नाही, त्यांची अनुपस्थिती ग्राह्य धरावी. त्यांच्या पत्नीविषयी अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही, शोधूनही सापडली नाही.

तरी साक्ष एकदाच घेण्याच्या नियमास अपवाद करून, सदर दिवशीची सकाळची सहा वाजून पन्नास मिनिटे ही वेळ अर्जदारास पुन्हा उपलब्ध करून द्यावी, ही नम्र विनंती.